सावरकर आश्रयाधिकार प्रकरण (१९१०–११)

नाशिक कटाच्या खटल्यातील आरोपी विनायक दामोदर सावरकर (१८८३–१९६६) यांची ब्रिटनमधून हिंदुस्थानात रवानगी होऊ नये, आणि ती सुरू झाल्यावर फ्रान्सने त्यांना परत मागून घ्यावे, यासाठी लंडन व पॅरिस येथे झालेली कायदेशीर लढाई आणि चळवळ. मराठी वाचकाला यातली समुद्रातली उडी पाठ असते. उडीच्या आधीची व नंतरची कोर्टबाजी सहसा ठाऊक नसते.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घालून ठार केले. पिस्तुले सावरकरांनी लंडनहून धाडली, असा सरकारचा आरोप होता. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून परतताच ते लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले. फरारी गुन्हेगारांविषयीच्या १८८१ च्या कायद्यात रवानगी अन्यायाची ठरत असल्यास ती नाकारण्याची मुभा होती. मुंबईच्या विशेष न्यायालयात ज्यूरी नाही की अपील नाही, तेव्हा तिकडे पाठवणे हाच अन्याय, असा बचाव वकिलांनी मांडला. बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटने तो मानला नाही. वरच्या कोर्टांनीही नाही.

१ जुलैला सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट हिंदुस्थानाकडे निघाली. ८ जुलैच्या सकाळी मार्सेलिस बंदरात सावरकर शौचकूपाच्या गोल खिडकीतून निसटले, पोहत धक्क्याला लागले आणि धावले. काहीशे मीटरांवर एका फ्रेंच जमादाराने त्यांना धरले आणि बोटीवरून आलेल्या पोलिसांच्या मदतीने परत बोटीवर नेले. ते फ्रेंच भूमीवर होते ते जेमतेम काही मिनिटे; पुढचा सगळा वाद त्या मिनिटांचा.

मादाम कामा आणि कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँग्वे यांनी पॅरिसमध्ये आवाज उठवला. समाजवादी नेते जाँ जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’ या दैनिकाने राजकीय आश्रयाचा हक्क तुडवला गेल्याचा डांगोरा पिटला. लंडनमध्ये अराज्यवादी पत्रकार गाय ऑल्ड्रेड यांनी सावरकर मुक्ती समिती काढली. फ्रेंच सरकारने सावरकरांची मागणी केली. ऑक्टोबरमध्ये दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या लवादाकडे सोपवला.

मोहिमेचे यश इथेच आणि तिची मर्यादाही इथेच. सावरकरांचा हक्क बाजूला पडून फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न पुढे आला. लवादापुढे पक्षकार दोन सरकारे होती, कैदी नव्हता. मुंबईचे विशेष न्यायालयही थांबले नाही. फ्रेंच भूमीवरची अटक बेकायदा असल्याने इथल्या कोर्टाला अधिकारच नाही, हा सावरकरांचा आक्षेप फेटाळून त्याने डिसेंबर १९१० मध्ये आणि ३० जानेवारी १९११ रोजी जन्मठेपेच्या दोन शिक्षा सुनावल्या.

२४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा नंतर आला. ताब्यात देताना अनियमितता झाली, पण फ्रेंच पोलिसांना आधीच कळवलेले होते, फसवणूक वा बळजबरी नव्हती; म्हणून कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असे पाच सदस्यांच्या लवादाने ठरवले. त्यांतले एक ब्रिटिश आणि एक फ्रेंच होते. जुलैत सावरकर अंदमानला पोहोचले. ऑल्ड्रेड मात्र १९१२ मध्येही त्यांच्या सुटकेसाठी लिहीत होते.