जुना संगणक, नवा पडदा

गोंदियाच्या स्टेशनावर ज्यांनी जुने दिवस पाहिले आहेत, त्यांना दोन मापांच्या रुळांची गोष्ट नव्याने सांगायला नको. १९०३ साली गोंदियाहून नैनपूरकडे छोटी लाइन सुरू झाली. मोठ्या लाइनच्या दोन रुळांत अंतर १६७६ मिलिमीटर, छोटीच्या रुळांत ७६२. गाड्या दोन्ही धडधाकट. पण एकीची चाके दुसरीच्या रुळांवर बसेनात. माल उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. खोट गाडीत नव्हती, मापात होती.

आता तो मार्ग रुंद झाला आहे. पण शाळेतल्या जुन्या संगणकाला नवा पडदा जोडला, की तोच तंटा पुन्हा उभा राहतो. अक्षरे फुगतात, पुसट होतात, आणि कोणीतरी म्हणते, “मशीन म्हातारे झाले, टाका कोठीत.” गुरुजी, जरा थांबा. आधी मापे जुळतात का ते पाहू.

आजचा सपाट पडदा आपल्या धानाच्या शेतासारखा आहे. धुरे घालून बांध्या पाडाव्यात, तसे त्यावर प्रकाशाचे ठिपके कायमचे आखलेले असतात. एखाद्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे एकूण १०,४९,०८८. संगणकाने नेमके तेवढेच धाडले, तर प्रत्येक ठिपका आपापल्या बांधीत पडतो. त्याने १०२४ बाय ७६८ धाडले, तर पडदा तेच चित्र ताणून बसवतो. एका ठिपक्याचा रंग शेजारी सांडतो आणि अक्षराची कड विरते.

पूर्वी असे होत नसे. काचेच्या नळीच्या मॉनिटरात इलेक्ट्रॉनांचा झोत रेघा ओढी. त्याला ६४० बाय ४८० द्या की ८०० बाय ६००, तो आपल्या मर्यादेत निभावून नेई. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणले, तेव्हा ६४० बाय ४८० म्हणजे चैन वाटे. त्याआधीच्या, १९८१च्या सीजीए कार्डात तर एका अक्षराला अवघी ८ बाय ८ ठिपक्यांची जागा. इंग्रजी अक्षर त्यात मावे. पण आपला ‘र्की’ कसा मावणार? वर रफार, शेजारी वेलांटी, आणि दुसऱ्या अक्षराला खाली उकार! म्हणून कानपूरच्या आयआयटीत जिस्ट नावाचे तंत्र तयार झाले, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते कार्डाच्या रूपाने पुढे नेले. सांगायचे असे, की ठिपक्यांची ओढाताण झाली तर पहिला फटका देवनागरीला बसतो. मागच्या बाकावरच्या पोराला ‘धन’ आहे की ‘घन’, हे कळत नाही.

मग पडद्याचे माप संगणकाला सांगते कोण? पडदा स्वतःच. व्हेसा या संस्थेने १९९४ साली तशी रीत घालून दिली. केबलमधून पडदा १२८ बाइटांची एक चिठ्ठी पाठवतो: माझे नाव हे, माझे माप हे. केबलची पिन मोडली किंवा मधला जोड हलका असला, की चिठ्ठी पोचत नाही; मग संगणक अंदाजाने ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ देऊन मोकळा होतो.

आणखी एक गंमत फळ्यावर मुलांकडून करून घ्या. १३६६ला ८ने भागा. भागाकार १७०, बाकी ६. जुनी ग्राफिक्स कार्डे रुंदी आठ-आठ ठिपक्यांच्या हिशेबाने मोजत; त्यांना ही बाकी पचत नाही. म्हणून ती १३६० किंवा १३६८ पुढे करतात. यंत्र बिघडलेले नाही, बरे का. त्याचा पाढाच आठाचा आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. प्रथम केबल बदलून पाहा. मग ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर घाला. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. तरीही माप यादीत दिसले नाही, तर ते हाताने सांगता येते. लिनक्सवर ‘सीव्हीटी’ ही आज्ञा आकडे काढून देते आणि ‘एक्सरँडआर’ ते लागू करते; विंडोजवर काही ड्रायव्हरांत स्वतःचे माप लिहिण्याची सोय असते. पडद्याच्या पुस्तिकेत आहे त्याहून मोठे आकडे मात्र लिहू नका.

कार्ड अगदीच हट्टी निघाले, तर १३६० बाय ७६८ घ्या. कडेला बारीकशी काळी पट्टी राहील किंवा अक्षर जरा मऊ दिसेल, पण वाचता येईल. मग मागच्या बाकावर जाऊन बसा आणि तिथून ‘धन’ आणि ‘घन’ स्वतः वाचून पाहा. दोन्ही ओळखू आले, तर त्या संगणकाला कोठीत पाठवण्याचे कारण उरले नाही.