योगाची कसोटी

योगाच्या प्राचीनतेविषयी वाद नाही. कठोपनिषदाने इंद्रियांच्या स्थिर धारणेस योग म्हटले. पतंजलीने त्याची सूत्रबद्ध मांडणी केली. मात्र पतंजलीने आसनाला फार थोडी जागा दिली आहे. ध्यानासाठी निश्चल आणि सुखाने बसता यावे, एवढीच त्याची अपेक्षा. नाना आसने, बंध, मुद्रा आणि शुद्धिक्रिया यांचा विस्तार पुढे हठयोग्यांनी केला. महाराष्ट्रात ही परंपरा नाथपंथाने रुजविली. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तिची साक्ष देतो.

परंतु प्राचीनता म्हणजे प्रमाण नव्हे. हे जाणून योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत स्वामी कुवलयानंद होते. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६) यांनी बडोद्यास माणिकरावांपाशी व्यायामविद्या आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी योगविद्या संपादन केली. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले.

त्यांचा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. नौली करणारे साधक नळी लावून पाणी आतड्यात ओढून घेत, आणि पाहणारे त्यास सिद्धी समजत. कुवलयानंदांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने ही क्रिया तपासली. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप आत शिरते, असे त्यांना आढळले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले. श्रद्धा आणि चिकित्सा यांचे त्यांच्या ठायी असे सख्य होते.

ही चिकित्सा योगप्रेमी मंडळींनाही सवलत देणारी नव्हती. प्राणायामाने प्राणवायू अधिक मिळतो, म्हणून तो हितकर, ही लोकप्रिय समजूत त्यांनी मान्य केली नाही. त्याचे मोल त्यांनी अन्यत्र शोधले.

जुनाट कंबरदुखीत योगाने काहीसा आराम पडतो, रक्तदाब थोडा उतरण्यास व मनाचा ताण हलका होण्यास त्याचे साहाय्य होते, असे आजवरच्या पाहण्यांतून दिसते. तथापि तो औषधाची जागा घेत नाही, आणि काचबिंदू असणाऱ्याने शीर्षासनासारखी उलटी आसने टाळावीत हेच बरे. २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून साजरा होतो. त्या उत्साहात योगाच्या नावावर वाटेल तो गुण खपविला जाऊ लागला, तर लोणावळ्याच्या त्या दाबमापकाचे स्मरण ठेवावे.