'बेबी जेन' (१९६२) : हॉलिवूडच्या स्टुडिओ व्यवस्थेतील शोषणाचे एक ऐतिहासिक साधन

प्रस्तावना :
चित्रपटाला इतिहासाचे साधन मानावे काय, ही चर्चा बहुधा ऐतिहासिक कथानकांवरील चित्रपटांपुरती मर्यादित राहते. भयपटांचा विचार तीत सहसा होत नाही. रॉबर्ट ऑल्ड्रिच दिग्दर्शित 'व्हॉट एव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?' (१९६२) हा मनोविश्लेषणात्मक भयपट मात्र याला अपवाद ठरावा. हेन्री फॅरेल यांच्या १९६० च्या कादंबरीवर तो आधारित आहे. या चित्रपटातील भयाचे मूळ एका स्त्रीच्या मनोविकृतीत नसून चित्रपटव्यवसायाने कलावंतांशी केलेल्या व्यवहारात आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानक :
१९१७ मध्ये जेन हडसन ही बालिका रंगमंचावर गाऊन-नाचून कुटुंब पोसते. तिच्या रूपाच्या बाहुल्या प्रेक्षकांना विकल्या जातात. १९३५ पर्यंत चित्र पालटते. बहीण ब्लँच चित्रपटतारका बनते, तर जेनला केवळ ब्लँचच्या करारातील अटीमुळे भूमिका मिळतात. एका मोटार अपघातात ब्लँच अपंग होते व दोष जेनवर येतो. पुढे अनेक वर्षे दोघी एकाच घरात कोंडल्यासारख्या राहतात आणि जेन बहिणीचा अमानुष छळ करते.

बालकलाकाराची कमाई :
जेनची बालपणीची स्थिती कपोलकल्पित नाही. चॅप्लिन यांच्या 'द किड' (१९२१) मुळे कीर्ती पावलेल्या जॅकी कूगन या बालनटाने लक्षावधी डॉलर्स मिळविले. सज्ञान झाल्यावर त्यातील फारच थोडे शिल्लक असल्याचे त्याला कळले. १९३८ मध्ये त्याने आई व सावत्र वडिलांवर दावा लावला. परंतु अज्ञान मुलाच्या कमाईवर तत्कालीन कायद्याने पालकांचाच हक्क होता. अखेरीस त्याच्या हाती सुमारे १,२६,००० डॉलर्स आले. या प्रकरणातून कॅलिफोर्नियात १९३९ चा 'कूगन कायदा' झाला. बालकलाकाराची कमाई ही त्याचीच मालमत्ता होय, हे तत्त्व मात्र तेथे २००० सालापासून लागू झालेल्या सुधारणेनेच स्पष्टपणे प्रस्थापित झाले.

करार आणि न्यायालय :
प्रौढ कलावंतांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. जेनची भूमिका करणाऱ्या बेटी डेव्हिस यांनी १९३६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा करार झुगारून इंग्लंडमध्ये काम करण्याचा प्रयत्न केला. लंडनच्या न्यायालयाने त्यांना मनाई केली. भूमिका नाकारणाऱ्या नटीला निलंबित करावयाचे व तो काळ कराराच्या मुदतीत वाढवावयाचा, अशी स्टुडिओंची रीत होती. तिला ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड यांनी आव्हान दिले. डिसेंबर १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला, की सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेनुसार सात वर्षेच. कराराची मुदत वाढविण्याचे स्टुडिओंचे हत्यार त्यामुळे बोथट झाले.

जुन्या फिती, नवे उत्पन्न :
जेनच्या सुमार अभिनयाचा पुरावा म्हणून स्टुडिओतील अधिकारी ज्या फिती पाहतात, त्या डेव्हिस यांच्याच 'पॅराशूट जंपर' व 'एक्स-लेडी' (दोन्ही १९३३) या चित्रपटांतील आहेत. ब्लँच दूरदर्शन संचावर स्वतःचा म्हणून जो चित्रपट पाहते, तो जोन क्रॉफर्ड यांचा 'सेडी मकी' (१९३४) आहे. यामागे आर्थिक वास्तव होते. १९५० च्या दशकात स्टुडिओंनी जुन्या चित्रपटांचे साठे दूरचित्रवाणीसाठी विकून मोठी रक्कम मिळविली. १९६० च्या नट-संघाच्या संपानंतर नव्या चित्रपटांच्या पुनर्प्रक्षेपणाचे मानधन मान्य झाले. परंतु जुन्या चित्रपटांवरील वैयक्तिक मागणी नटांना सोडून द्यावी लागली. तिच्या बदल्यात त्यांच्या कल्याण निधीसाठी एकरकमी सुमारे २२.५ लाख डॉलर्स मिळाले. ब्लँच पडद्यावर स्वतःचे तारुण्य पाहते, पण त्या तारुण्याची मालकी दुसऱ्याची असते.

मर्यादा :
तथापि हा चित्रपट निखळ साक्षीदार नाही. ब्लँचच्या अंतिम कबुलीनुसार अपघात जेनने नव्हे, तर तिनेच घडविला होता. दोष एका बहिणीकडून दुसरीकडे सरकतो. स्टुडिओ मात्र १९३५ च्या प्रसंगानंतर दृष्टिआड होतो तो कायमचाच. शिवाय ज्या चेहऱ्यांना व्यवसायाने वय झाले म्हणून दूर सारले, त्याच चेहऱ्यांच्या सुरकुत्या येथे भयाचे साधन बनल्या. सुमारे दहा लाख डॉलर्समध्ये बनलेला हा चित्रपट चांगला चालला आणि वृद्ध नटींना विक्षिप्त रूपात दाखविणाऱ्या भयपटांची लाट आली. १९६४ च्या ऑल्ड्रिच यांच्याच 'हश... हश, स्वीट शार्लट' मध्ये क्रॉफर्ड यांच्या जागी आल्या त्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड. करारातून मुक्तता मिळविलेल्या अभिनेत्रीलाही पुढे याच लाटेतील भूमिका स्वीकारावी लागली, हे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
कायद्याने कलावंताच्या कराराचा काळ मोजला आणि कमाईचा वाटा ठरविला. मात्र काम कोणाला व कोणत्या वयापर्यंत द्यावयाचे, हा अधिकार स्टुडिओंकडेच राहिला. 'बेबी जेन' या उरलेल्या सत्तेचा दस्तऐवज आहे, तसेच तिचे अपत्यही आहे. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने हा चित्रपट वाचताना पडद्यावरील वेडाइतकेच पडद्यामागील कागदपत्रांकडेही पाहिले पाहिजे.