रानांतील दिवे आणि पुरलेल्या खुणा

रात्रीं रानांत जाऊन पुरलेली वस्तु शोधणें, एवढें म्हटलें कीं वऱ्हाडांतील माणसाच्या डोळ्यांपुढें गुप्तधन उभें राहतें. अमावास्येची रात्र, पडकी गढी, कुदळ आणि मांत्रिक ही त्या कथेची ठरलेली सामग्री. १८७८ च्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें निखात धन सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक केलें. आणि धनाच्या शोधापायीं होणारे अघोरी प्रकार २०१३ च्या महाराष्ट्रांतील कायद्यानें गुन्हा ठरविले. परंतु याच मुलुखांत रात्रीं दिवा पाहणाऱ्यांचा आणि पुरलेल्या खुणेकडे परत येणाऱ्यांचा दुसराही एक इतिहास आहे. त्यांत सोनें नाहीं. दगडावर कोरलेला एक ठिपका आहे.

पाश्चात्य देशांत हल्लीं या शोधाचा एक खेळच झाला आहे. कोणी एक लहानसा डबा रानांत दडवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश तेवढे जाहीर करतो. शोधणाऱ्यानें तेथवर जावें, डब्यांतील वहींत आपलें नांव लिहावें आणि पुढच्यासाठीं डबा होता तसा ठेवून परत यावें, एवढाच त्याचा नियम. हौशी लोक हा खेळ रात्रीं खेळतात. विजेरीचा प्रकाश पडतांच झाडांवर लावलेल्या चकाकत्या टिकल्या उजळतात आणि वाट दाखवितात. मे २००० मध्यें अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजीं, ऑरेगॉन प्रांतांत असा पहिला डबा ठेवला गेला. खेळ नवा, पण त्यामागची कल्पना, म्हणजे आंकड्यांच्या आधारें पृथ्वीवरील एक बिंदु पुनः गांठणें, ही पुष्कळ जुनी आहे. हिंदुस्थानांत तिची सुरुवात झाली १० एप्रिल १८०२ रोजीं, मद्रासजवळ. त्या दिवशीं विल्यम लॅम्ब्टननें आपल्या त्रिकोणमितीय मोजणीची पायारेषा सांखळीनें मोजण्यास आरंभ केला.

या मोजणीची युक्ति सोपी आहे. एक रेषा अत्यंत काळजीनें मोजावी. तिच्या दोन्ही टोंकांवरून दूरच्या टेकडीवरील खुणेकडे पाहून कोन घ्यावे. म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानें निघतात. प्रत्येक नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची माळ कन्याकुमारीकडून उत्तरेस सरकत वऱ्हाडापर्यंत आली. कोन मोजण्याचें मुख्य यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें. तें टेकडीमागून टेकडीवर चढवावें लागे.

वऱ्हाड त्या वेळीं निजामाच्या अमलाखालीं होतें. येथील भूमीची रचना मलकापुरावरून चांगली ध्यानांत येते. नळगंगेच्या कांठचें हें गांव पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या, सपाट रानावर वसलें आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांची ओळ. ही माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगते. तिच्यावर नुसता ठेवलेला दगड वर्षानुवर्षें जागचा हलणार नाहीं याचा भरंवसा काय? मोजणीची माळ मलकापुराच्या बरीच पूर्वेकडून, टाकळखेडें या वऱ्हाडांतील स्थानकावरून गेली. तेथें अडचण निराळीच आली. उत्तरेकडील डोंगर आपल्या आकर्षणानें ओळंब्यासही किंचित् आपणांकडे ओढतात, आणि ओळंबाच चळला तर अक्षांशांत चूक येते. त्या ओढीचाही हिशेब करावा लागला.

लॅम्ब्टननें टाकळखेडें पाहिलें. परंतु पुढें नागपुराकडे जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेंच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलें. तो स्वतः पूर्वीं कृष्णा-गोदावरीमधील अरण्यांत ज्वरानें खंगून १८२० मध्यें हवापालटासाठीं केपला गेलेला होता. सातपुडा ओलांडतांना त्याची प्रकृति इतकी ढासळली होती कीं यंत्रापुढें त्याला माणसांनीं उचलून बसवावें लागे. तरीही १८२५ पर्यंत त्यानें ही माळ माळव्यांत सिरोंजपर्यंत नेली.

या ज्वराचें मूळ मोजणीच्या पद्धतींतच होतें. उन्हाळ्यांत तापलेली हवा थरथरते, धूळ उडते आणि दूरचें निशाण दिसत नाहीं. म्हणून लॅम्ब्टनच्या वेळीं पावसानें हवा निवळली असतां काम चाले. पण तोच काळ अरण्यांत हिंवतापाचा. एव्हरेस्टनें उपाय काढला तो रात्रीचा. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा थंड आणि दाट होते. तींतून येणारा प्रकाशकिरण वांकतो, आणि दिवसा क्षितिजाआड असलेली टेकडी जणूं वर उचलली जाते. तिच्यावर दिवा ठेवला तर तो कोसच्या कोस अंतरावरून दिसतो. तेव्हां कोरड्या ऋतूंत, रात्रीं, दिव्यांवर नजर लावून कोन घेण्याचा प्रघात त्यानें पाडला.

येथें त्या माणसाची आठवण होते, जो दुर्बिणीच्या या टोंकास नव्हता, त्या टोंकास होता. खलाशांची एक लहानशी टोळी दिवा, तेल आणि शिधा घेऊन पुढच्या टेकडीवर जाई. दृष्टीच्या रेषेंत येणारीं झाडें तोडी. आणि ठरल्या वेळीं दिवा लावून वाऱ्यापासून त्याला जपत बसे. सभोंवार वाघांचें रान, अंगांत केव्हां ज्वर भरेल याचा नेम नाहीं. आणि दिवा विझला तर कोसांवर बसलेल्या सर्व छावणीची रात्र फुकट. अधिकाऱ्यांचीं नांवें ग्रंथांत राहिलीं. यंत्र दुरुस्त करणारा अर्काटचा सय्यद मीर मोहसीन आणि १८३१ मध्यें गणक म्हणून आलेला राधानाथ सिकदार यांचींही राहिलीं. दिवा धरणाऱ्यांपैकीं बहुतेकांचीं राहिलीं नाहींत.

या सर्व श्रमांचें फळ म्हणजे ती खूण. कातळावर किंवा खोल बसविलेल्या दगडावर वर्तुळ आणि मध्यें ठिपका कोरीत. त्यावर चौथरा रचीत. त्याच ओळंब्यांत वर दुसरी खूण करीत. वरची नाहींशी झाली तरी खालची राहावी, हा हेतु. पुढें अशीं स्थानकें स्थानिक अधिकाऱ्यांच्या निगराणींत दिलीं गेलीं. कंपनी सरकारास हें ज्ञान सैन्य हलविण्यास आणि मुलूख ताब्यांत ठेवण्यास हवें होतें, हें विसरून चालणार नाहीं. तथापि त्याच आंकड्यांवरून पृथ्वीच्या आकाराचें गणित अधिक शुद्ध झालें, ही गोष्टही तितकीच खरी.

आज त्या दिव्यांची जागा उपग्रहांनीं घेतली आहे. २०१९ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर येथून गळ्यांत संदेशपट्टा बांधलेला एक तरुण वाघ निघाला आणि सुमारें १३०० किलोमीटर भटकून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. रात्रीच्या अंधारांत शेतें, ओढे आणि सडका ओलांडणाऱ्या त्या जनावराची वाट वनखात्यास कागदावर उमटवितां आली. कधीं काळीं वाघाच्या भयानें दिव्यापाशीं जागणारा खलाशी आणि आज आंकड्यांनीं राखला जाणारा वाघ, यांमधील अंतर सुमारें दोनशें वर्षांचें आहे.

गुप्तधन शोधणारा तें घेऊन जातो आणि मागें खड्डा ठेवतो. मोजणीदार खुणेपाशीं येतो, आपला कोन घेतो आणि दगड जागच्या जागीं ठेवून जातो, कारण त्याच्यामागून दुसरा येणार असतो. ज्ञान हें असें धन आहे कीं तें सांपडल्यावर जेथल्या तेथें ठेवावें लागतें. तरच तें पुढच्याच्या उपयोगीं पडतें.