भारनियमनातून आलेला इन्व्हर्टर आणि त्याबाहेर राहिलेला एसी

महाराष्ट्रातील घरगुती इन्व्हर्टरचा इतिहास हा प्रामुख्याने भारनियमनाचा, म्हणजे मागणीइतकी वीज हाती नसल्याने ठरलेल्या वेळी एकेका भागाचा पुरवठा बंद ठेवण्याच्या पद्धतीचा इतिहास आहे. दाभोळचा वीजप्रकल्प 2001 मध्ये बंद पडला, नव्या निर्मितीची भर वाढत्या मागणीला पुरी पडेना, आणि 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी स्थापन झाली तेव्हा हा तुटवडा तिच्याकडे वारशानेच आला. टाटा आणि बेस्ट यांची स्वतंत्र व्यवस्था लाभलेले मुंबई शहर या अनुभवापासून बहुतांशी दूर राहिले. पुण्याने 2006 मध्ये कारखान्यांची स्वतःची जनित्रे चालवून, त्याचा वाढीव खर्च ग्राहकांवर आकारून, काही काळ सुटका करून घेतली. इतरत्र मात्र घराच्या कोपऱ्यात बॅटरी आली आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालणे हे गृहकृत्यांपैकी एक होऊन बसले.

बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे घरगुती उपकरणांना लागणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे हे यंत्र दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी संच एवढ्याच संसारासाठी बेतलेले होते. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट वीज मावते, आणि दीड टनाचा जुन्या धाटणीचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. त्यातही ही क्षमता सहसा 20 तासांत सावकाश उपसा होईल असे गृहीत धरून मोजलेली असल्याने तासाभराच्या उपशात शिसे-आम्ल बॅटरी तेवढी वीज देत नाही, आणि वारंवार तळ गाठला तर तिचे आयुष्यही घटते. तरीही अधिक बॅटऱ्या जोडून सुटण्याजोगी ही अडचण दुय्यमच म्हणावी लागेल. खरा अडसर काँप्रेसरच्या पहिल्या झटक्यात होता, कारण त्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि तेवढ्याने लहान इन्व्हर्टर बंद पडतो. म्हणून वायरमन इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढत आणि एसीचा पॉवर पॉइंट तिच्याबाहेर ठेवत.

हा अडसर बॅटरीपेक्षा एसीतील बदलाने अधिक दूर केला. काँप्रेसरचा वेग गरजेनुसार कमीजास्त करणारे एसी जपानात तोशिबाने 1980 च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणले. भारतीय घरांत ते रुळायला पुढची तीन दशके लागली. असा काँप्रेसर संथपणे सुरू होतो आणि खोली थंड झाल्यावर काहीशे वॅटवर चालू राहतो, त्यामुळे पुरेशा क्षमतेच्या, शुद्ध साइन तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरला तो पेलतो. अधिक खोल उपसा सोसणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांनी त्यात भर घातली. तोवर बहुतेक शहरांतील नित्याचे भारनियमन ओसरले होते. ते टिकले मुख्यतः वीजगळती आणि थकबाकी अधिक असलेल्या फीडरांवर, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांवर, जिथल्या घरांत एसी मुळातच विरळा होता.