सायकलमार्गांची नकाशागत प्रतवारी : सातारा-सांगली

१९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंत मार्गांची प्रतवारी लावली. सातारा जिल्ह्याचे विभाजन १९४९ मध्ये झाले, दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. प्रतवारीचे तत्त्व मात्र प्रशासकीयच राहिले. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांत पक्की सडक, गाडीवाट, पायवाट असे भेद आढळतात. सायकल त्यांत हिशेबात नाही. २००४ मध्ये इंग्लंडात आरंभिलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या संगणकीय नकाशाच्या परिभाषेत सडकेवर रेषेने आखलेला पट्टा व सडकेपासून अलग बांधलेला मार्ग हे दोन निराळे प्रकार होत. भेद रास्तच आहे. परंतु कृष्णाकाठच्या ज्या शेतवाटेने बैलगाडी व सायकल दोन्ही जातात, तीस सायकलमार्ग म्हणणे म्हणजे पुढील इतिहासकाराच्या हाती खोटा पुरावा देणे होय. तिची नोंद गाडीवाट म्हणूनच करून सायकलीस मुभा असल्याचे पृथक् नमूद करणे त्या परिभाषेतही शक्य आहे.