काठमांडूचा तिरका बाजाररस्ता

काठमांडूच्या जुन्या शहराला नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरका छेद देणारा एक रस्ता आहे. मरू टोलमधील (टोल म्हणजे मोहल्ला) काष्ठमंडपापासून तो निघतो आणि हनुमान ढोका, मखन, इंद्रचोक, केल टोल, असन असे टप्पे घेत भोटाहिटीला पोहोचतो. हे अंतर सुमारे एक किलोमीटर. शहरातील महत्त्वाची देवळे आणि जुन्या बाजारपेठा याच वाटेवर एकमेकींना लागून आहेत. हा रस्ता म्हणजे भारत आणि तिबेट यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गाचा शहरातून जाणारा तुकडा होय.

उत्तरेकडून मीठ, लोकर, कस्तुरी आणि सोने येई. दक्षिणेकडून तांदूळ, कापड आणि धातूची भांडी जात. हिमालयातल्या खिंडी वर्षातले काही महिनेच खुल्या असल्याने माल आणि माणसे दोन्ही काठमांडूत मुक्काम करत. या मुक्कामासाठी वाटेवर पाटी आणि सत्तल, म्हणजे धर्मशाळा, उभ्या राहिल्या. काष्ठमंडप ही त्यांतली सर्वांत मोठी. ती बाराव्या शतकातली मानली जाई; 2015 च्या भूकंपानंतर झालेल्या उत्खननात मात्र तिचा पाया सातव्या शतकापर्यंत मागे गेला.

व्यापाराला खरी बरकत आली ती मल्ल राजांच्या काळात. प्रतापमल्लाच्या कारकिर्दीत (1641–1674) तिबेटशी झालेल्या समझोत्याने स्थानिक नेवार समाजातील व्यापाऱ्यांना ल्हासात कोठ्या उघडता आल्या. तिबेटमध्ये चालणारी चांदीची नाणीही काठमांडू खोऱ्यात पाडली जाऊ लागली. तिबेटने चांदी पाठवायची आणि टांकसाळीने नाणी परत द्यायची, असा व्यवहार होता. मधला नफा राजांचा. पुढे राजांनी नाण्यांत हिणकस धातू मिसळायला सुरुवात केली. त्यातून उद्भवलेला वाद 1788 ते 1792 च्या नेपाळ–तिबेट युद्धाचे एक प्रमुख कारण ठरला.

व्यापारातला पैसा देवळांकडे वळत होता. राजांनी हनुमान ढोका या आपल्या वाड्याभोवती मोठी मंदिरे बांधली. महेंद्रमल्लाचे तलेजू मंदिर 1564 मधले. सर्वसामान्य भाविकांना ते वर्षातून एकदाच, दसैंमधील (नेपाळी दसऱ्यातील) नवमीला, खुले होते. टोलांमधल्या देवळांचा भार गुठींनी उचलला. गुठी म्हणजे देवस्थानासाठी जमीन राखून ठेवणारी आणि तिच्या उत्पन्नातून पूजा, जत्रा व डागडुजी चालवणारी मंडळी. कामाची जबाबदारी कुटुंबाकुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या वाटलेली असे.

असनमध्ये सहा वाटा एकत्र येतात. धान्य, मसाले, सुकी मासळी आणि पितळेची भांडी यांची ही जुनी पेठ. चौकातल्या तीन मजली अन्नपूर्णा मंदिरात मूर्ती नाही; धान्याची देवी इथे चांदीच्या पूर्णकलशाच्या रूपात पुजली जाते. केल टोलमधील जनबहालात सेतो मच्छिंद्रनाथ आहेत. हिंदू आणि बौद्ध दोघेही त्यांना आपले मानतात. चैत्रात त्यांचा उंच शिखराचा रथ याच बाजारातून दोरांनी ओढत नेतात.

इंद्रचोकात देऊळ आणि दुकान वेगळे काढणे अवघड. आकाशभैरव इमारतीच्या वरच्या मजल्यावर आणि तळाला दुकाने. समोरच्या महादेवाच्या चौथऱ्यावर शाली आणि घोंगड्या मांडलेल्या. शेजारच्या बोळात पोते विकले जातात. पोते म्हणजे बारीक काचमण्यांच्या अनेक सरांची माळ, नेपाळी सुवासिनींचे सौभाग्यलेणे. लाल, हिरवे, पिवळे सर दुकानांत झुपक्यांनी टांगलेले असतात. गिऱ्हाईक रंग आणि सरांची संख्या सांगते आणि विक्रेता तिथेच माळ गुंफून देतो. हा धंदा बहुतांशी मुस्लिम कुटुंबांचा आहे. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज मल्लकाळात काश्मीरहून आले होते.

या मार्गाचे महत्त्व विसाव्या शतकात ओसरले. 1904 मध्ये ब्रिटिश फौज ल्हासात शिरल्यावर सिक्कीमकडून चुंबी खोऱ्यातून जाणारी वाट खुली झाली. पाठोपाठ अनेक नेवार व्यापाऱ्यांनी आपले ठाणे कालिम्पाँगला हलवले. 1934 च्या भूकंपानंतर तत्कालीन पंतप्रधान जुद्ध शमशेर राणांनी जुन्या वस्तीतून रुंद नवा रस्ता काढला आणि आयात मालाची दुकाने तिकडे गेली. असन आणि इंद्रचोक मात्र स्थानिक गिऱ्हाइकाच्या, विशेषतः लग्नसराई आणि सणासुदीच्या खरेदीवर टिकून राहिले.

युनेस्कोने 1979 मध्ये काठमांडू खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात हनुमान ढोक्याचा परिसर आला, असनचा बाजार आला नाही. बाजारातली विटांची आणि कोरीव खिडक्यांची बरीच घरे त्यामुळे काँक्रीटखाली गेली. देवळे सांभाळणाऱ्या गुठींवरही त्याआधीच गदा आली होती: 1964 च्या कायद्याने गुठी संस्थान स्थापन होऊन पुष्कळ देवस्थान जमिनी सरकारी व्यवस्थेखाली आल्या होत्या. उरलेल्या गुठींवरही नियंत्रण आणू पाहणारे विधेयक 2019 मध्ये आले, तेव्हा नेवार समाज मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरला आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. 2015 मध्ये कोसळलेला काष्ठमंडपही पुढच्या काही वर्षांत स्थानिक लोकांच्या पुढाकाराने, पारंपरिक पद्धतीने, लाकडात पुन्हा उभारला गेला.